भाच्याची स्वयंभू मशीन

दिघोरीच्या गोपीचंद कापगत्यांनी आयुष्यात फार कमी लोकांपुढे मान वाकवली होती. तलाठ्याशी ते खाटेवर बसूनच बोलत. एकदा आमदार दारात आले तेव्हा उठून उभे राहिले होते खरे, पण ते पाठीला रग लागली म्हणून, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगत. एका माणसापुढे मात्र ते कमरेतून वाकत, आणि तो माणूस त्यांच्या निम्म्याहूनही कमी वयाचा होता. मोहाडीला दिलेल्या त्यांच्या बहिणीचा मुलगा, भूपेंद्र. इकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. भाचा पाळण्यात असला तरी पडतो, दहावीत तीनदा नापास झाला तरी पडतो. त्यात भाच्याची लायकी बघायची नसते. बघितली असती तर हा रिवाज केव्हाच मोडला असता.

तर मार्चमधल्या एका संध्याकाळी भूपेंद्र आला आणि त्याच्या मागोमाग पिकअपमधून एक मशीन उतरली. उतरवायला चौघे लागले. निळ्या रंगाचा पत्र्याचा डबा, वर लोखंडी चाक, चाकाला पट्टा, एका बाजूला मोटर, दुसऱ्या बाजूला डायनामो, आणि समोर लाल अक्षरांत नाव : 'स्वयंभू'. गोपीचंद आधी भाच्याच्या पाया पडले. मग कुंताबाई पडल्या. मग, भाच्यानंच आणलेली म्हणून, कुंताबाईंनी मशीनलाही हळदकुंकू लावलं.

रिता, त्यांची सून, दीड वर्षाच्या गुड्डीला कडेवर घेऊन सपरीच्या, म्हणजे घरापुढच्या पडवीच्या, खांबाला टेकून हे बघत होती. एकदा पूजा झालेल्या वस्तूला प्रश्न विचारणं किती अवघड होऊन बसतं, हे तिला त्या घटकेलाच कळून चुकलं.

"याले डिझेल लागत नाई, ऊन लागत नाई, लाइन लागत नाई," भूपेंद्र सांगू लागला. त्याच्या गळ्यात कंपनीचा फोटोवाला बिल्ला होता आणि तो बोलताना बिल्ल्याला हात लावत होता. "मोटर चाक फिरवते. चाक डायनामो फिरवते. डायनामो पुन्हा मोटरले करंट देते. आन् वरून जे उरते, त्याच्यावर घर चालते, बोअरची मोटर चालते. जिंदगीभर."

शेजारचा तेजराम सपरीत येऊन बसला होता. गावात काहीही उतरलं की तो उतरवायला नसे, पण बघायला असे.

"म्हंजे बैल गाडी वढते," तो म्हणाला, "आन् गाडी बैलाले वढते?"

"तसंच समजा, काकाजी."

"आन् वरून उरते ते शेण?"

सगळे हसले. भूपेंद्रही हसला, पण गोपीचंद हसले नाहीत. "तेजराम, मोठ्या कंपनीची गोष्ट हाय. आमच्या भाच्यानं नागपुरात हॉटेलात बसून ट्रेनिंग घेतलं. एसी होता तिथं."

एसीपुढे तेजरामचं काही चाललं नाही.

मग भूपेंद्रनं मुद्द्याची गोष्ट काढली. कंपनी ही पहिली मशीन मामाला फुकटात देणार होती. फक्त एक अट होती. मामानं शेतातल्या बोअरची वीजजोडणी कायमची कापून घ्यायची, तसा अर्ज लाखांदूरच्या वीज कचेरीत द्यायचा, आणि काढलेल्या मीटरशेजारी हसत उभं राहून फोटो द्यायचा. त्या फोटोची जाहिरात होणार होती : लाइनीपासून मुक्त झालेला पहिला शेतकरी.

"उद्या दुपारीच जाऊ," गोपीचंद म्हणाले. "भाच्यानं मांगलं आन् मामानं नाई म्हटलं, असं झालं काय कधी?"

रितानं गुड्डीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं.

ती लाइन काय होती, हे तिला माहीत होतं. ती लग्न होऊन आली तेव्हा बोअर होता आणि लाइन नव्हती. अर्ज दिलेला होता, आणि तो वर्षानुवर्षं कुठल्या तरी टेबलावर पडून होता. सासरे चकरा मारत, सासू देवाला बोलत, आणि उन्हाळ्यात शेत भेगाळून पडलेलं असे. मग एकदाचे खांब आले, तार आली. पहिलं पाणी बांधीत, धानाच्या वाफ्यात, पडलं तेव्हा गुड्डी पोटात होती, आणि रिता एवढं मोठं पोट घेऊन धुऱ्याधुऱ्यानं चालत पाणी बघायला गेली होती. सासू ओरडत होती मागून. आता त्याच पाण्यावर उन्हाळी धान उभा होता, पोटरीत आलेला. अशा वेळी आठ दिवस पाणी तुटलं तर दाणा भरत नाही, नुसता फोल येतो. आणि लाइन एकदा कापली की परत रांगेत शेवटी.

रात्री निजानीज होण्याआधी भूपेंद्रनं एक वायर काढली आणि मशीनचं पोट भिंतीतल्या प्लगला जोडलं.

"भाऊजी," रितानं विचारलं, "याले तं लाइन लागत नाई म्हणत होते नं?"

"चालवाले नाई लागत, वहिनी. हे फक्त ऊब द्यासाठी. प्रवासात चुंबक थंडा पडते. ट्रेनिंगमध्ये सांगितलं, दाखवाच्या आधी रातभर ऊब द्या लागते म्हणून." त्यानं हे इतक्या भोळेपणानं सांगितलं, की रिता त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. खोटं बोलणाऱ्याला एवढं सविस्तर बोलता येत नाही, असं तिला वाटलं.

पहाटे गुड्डीसाठी दूध गरम करायला ती उठली तेव्हा डब्याखालचा बारका लाल दिवा हिरवा झाला होता. ती चुलीपुढे बसून विचार करत राहिली. रात्रभर पीत राहायचं आणि सकाळी टवटवीत उठायचं, असं घरात आणखी एक जण होतं. ते आता तिच्या मांडीवर पाय झाडत होतं. आणि ते काही फुकटात चालत नाही, हे रिताइतकं कुणाला ठाऊक असणार?

तिनं अमरला, नवऱ्याला, अंगणात गाठलं.

"अवो, त्या डब्यात बॅटरी हाय. रातभर चार्ज केली. तुमी बाबाले सांगा."

"मले का कळत नाई?" अमर दात घासता घासता म्हणाला. "पण सांगू कसं? मी म्हणन डबा खोला, बाबा म्हणन भाच्यावर शक घेतो का बे?"

"मंग लाइन कटू द्याची?"

अमरनं चूळ भरली. बराच वेळ भरली. नवरा चूळ भरत राहिला की उत्तर संपलेलं असतं, हे लग्नाच्या चार वर्षांत तिच्या लक्षात आलं होतं.

तिनं सासूकडेही वळसा घालून बघितलं. "आई, मशीन एखाद्या दिवस चालवून पाहू, मंग अर्ज देऊ, असं नाई का करता येत?"

"भाच्याची परीक्षा घेतेस?" कुंताबाई कुंकू लावत होत्या, ते बोट कपाळावरच थांबलं. "नरकात जागा नाई भेटत अशाले."

म्हणजे विचारायचं नव्हतं, तपासायचं नव्हतं, उघडायचं तर मुळीच नव्हतं. डब्याच्या तळाशी चिकटपट्टी होती, 'सील तुटल्यास गॅरंटी रद्द'. वरून रिवाजाचं सील होतं, ते त्याहून घट्ट. भूपेंद्रचा बेतही पक्का होता. दहाला गावातली लाइन जाते, तेव्हा पंधरा मिनिटं मशीन चालवून दाखवायची, बेअरिंग नवं म्हणून बंद करायची, आणि मामाला घेऊन लाखांदूर.

रिता भांडी विसळत होती. विसळता विसळता, पहाटे भाजीसाठी भिजवलेल्या लाखोरीच्या डाळीच्या भांड्यापाशी तिचा हात थांबला. भाच्याला काय काय करायचं नाही, याची यादी सगळ्यांना पाठ होती. पण भाच्यासाठी काय काय करायचं असतं?

ती पदराला हात पुसत सासूजवळ गेली.

"आई, भाऊजी असेच जातीन? चाय-पोह्यावर? कालपासून वड्याचं नाव नाई काढलं कोणी. मोहाडीच्या आत्याबाई इचारतीन नं, मामीनं काय जेवू घातलं म्हणून."

कुंताबाईंच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून रिताला जरा वाईटच वाटलं. नणंदेनं विचारणं म्हणजे काय, हे त्या पस्तीस वर्षं भोगत आल्या होत्या.

"बाप्पा! लाखोरीची डाळ भिजवली नाई का मी?"

"मी भिजवली," रिता म्हणाली. "पहाटेच."

दहाला लाइन गेली. सपरीत माणसं जमली होती. भूपेंद्रनं हात जोडले, बटन दाबलं, चाकाला हातानं एक झटका दिला, आणि मशीन घुमू लागली. दोन बल्ब लागले, टेबलपंखा फिरला. बायकांनी तोंडाला पदर लावला. गोपीचंदांनी चारी बाजूंना असं बघितलं, जणू चाक त्यांच्याच बहिणीनं जन्माला घातलं होतं.

भूपेंद्र बटनाकडे वळणार, एवढ्यात रिता मिक्सर घेऊन आली.

"भाऊजी, डाळ वाटाची हाय. लाइन नाई. तुमच्या मशीनवर चालन नं?"

"चालन नं! घर चालते याच्यावर, मिक्सर काय चीज हाय!" एवढ्या माणसांसमोर तो दुसरं काय म्हणणार होता?

मिक्सर घरघरला. लाखोरीची डाळ तशी चिवट, आणि रितानं पाणी अंमळ कमीच घातलं होतं. एक भांडं झालं, दुसरं झालं. मग मिरची-लसूण. मग चटणीचा ओला नारळ, जो एरवी किसणीवर होत असे.

"आता बंद करतो," भूपेंद्र म्हणाला. "बेअरिंग..."

"बंद?" कुंताबाई झाऱ्यासकट बाहेर आल्या. "भाच्याच्या हातानं लागलेला दिवा भाचा जेवाच्या आधी इझवाचा? माह्या घरात? नाई रे बाबू. तू बस. पोटभर जेव. मंग पाहू."

"मामीजी, लाखांदूरले..."

"लाखांदूर कुठं पळून नाई जात," गोपीचंद म्हणाले. त्यांनाही वड्याचा वास आला होता.

भूपेंद्रला पाटावर बसवलं. पंखा त्याच्या बाजूला वळवला. तेजरामनं घरून आपला फोन चार्जरसकट आणला. "फुकट हाय तं मले बी देवा," म्हणत त्यानं तो लावला, आणि ते बघून आणखी सहा-सात जणांनी आपापले फोन आणले. अमरनं कुठून तरी एक्स्टेंशन बोर्ड काढून दिला. तो काही बोलला नव्हता, पण बोर्ड मोठा निवडला होता. रितानं त्याच्याकडे बघितलं, तर तो आभाळाकडे बघत होता.

वडे येत राहिले. सुवाऱ्या म्हणजे पुऱ्या आल्या, कढी आली. भाच्याच्या पानातला वडा संपू द्यायचा नसतो, आणि तो संपू दिला गेला नाही. "पुरे, मामीजी" या शब्दांना त्या घरात अर्थ नव्हता. मध्येच रितानं विचारलं, "आई, थोडी डाळ राहिली, तेजरामकाकाच्या घरी बी पाठवाचे काय वडे?" आणि मिक्सर पुन्हा घरघरला. या वेळी मात्र तो जडपणे घरघरला, झोपेतून उठवलेल्या माणसासारखा.

आधी पंख्याची पाती मोजता येऊ लागली. मग बल्ब पिवळे झाले, मग नारिंगी, मग आत नुसती लालसर तार दिसायला लागली. चाकाचा आवाज खाली खाली उतरत गेला. पट्ट्यानं एकदा फटकन् आवाज केला आणि चाक थांबलं.

"मशीन बी जेवाले बसली वाटते," तेजराम म्हणाला.

कुणी हसलं नाही. सगळे भूपेंद्रकडे बघत होते. तो उष्ट्या हातानंच उठला, डाव्या हातानं चाक फिरवून पाहिलं. बटन दाबलं. पुन्हा दाबलं.

"असं होत नाई," तो म्हणाला. "असं होऊच शकत नाई. सायबानं सांगितलं होतं, एक डाव सुरू झाली की..."

त्याच्या आवाजात जे होतं ते ऐकून रिताच्या हातातला झारा खाली आला. तिनं एक सापळा रचला होता, आणि त्यात चोर सापडेल अशी तिची समजूत होती. सापडलं होतं ते एक पोरगं. मोहाडीच्या टाइल्सच्या दुकानातली बरी चाललेली नोकरी सोडून आलेलं. कंपनीनं त्यालाही डबा उघडू नको म्हणून सांगितलं होतं, आणि त्यानं तो उघडला नव्हता, कारण मोठ्यांना प्रश्न विचारायचे नसतात हे त्याच घरांमधून तोही शिकला होता.

"अमरदादा," भूपेंद्र म्हणाला, "पेचकस दे."

"सील तुटन, भाऊ."

"दे नं."

पत्रा निघाला. आत एक बॅटरी होती, ई-रिक्षाला असते तशी, काळी, चांगली जाडजूड. तिच्यापासून निघालेल्या वायरी एका छोट्या इन्व्हर्टरमधून सरळ मोटरला आणि बल्बांच्या बोर्डाला गेल्या होत्या. डायनामोला आतून एकही वायर नव्हती. तो नुसता शोभेसाठी फिरत होता.

भूपेंद्र उकिडवा बसून बॅटरीकडे बघत राहिला, कान लाल करून.

आता गोपीचंद काय बोलतात, याची सगळे वाट बघत होते. गोपीचंद उठले. खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली. खिशातला अर्ज चाचपला.

"चाल बाबू," ते म्हणाले. "कचेरी बंद होईन."

"बाबा!" अमरच्या तोंडून निघून गेलं.

"काय बाबा? मी भाच्याले शब्द देल्ला. मशीन बिघडली तं बिघडली. शब्द बिघडत नसते." पण त्यांचा आवाज फुटत होता. नजर राहून राहून कुडाच्या फटीतून पलीकडे जात होती, जिथून त्यांच्या बांध्यांचा हिरवा तुकडा दिसे. हा माणूस चार गावांसमोर भाच्याची फजिती होऊ नये म्हणून आपला उभा धान वाळवायला निघाला होता, आणि त्याला अडवायला घरात कुणालाच तोंड नव्हतं. कुंताबाई तर नवऱ्याच्या चपला पुढे सरकवत होत्या आणि डोळे पुसत होत्या, दोन्ही एकदमच.

एवढी डाळ वाटली, एवढे वडे तळले, मशीन उघडी पडली, आणि तरी लाइन जाणारच होती? सासऱ्यांशी तिला बोलता येत नव्हतं. नवरा बोलून चुकला होता. तिनं परातीतला एक गरम वडा घेतला आणि भूपेंद्रच्या समोर जाऊन बसली.

"भाऊजी, घ्या."

"नोका वहिनी." त्यानं मान वर केली नाही.

"घ्या. आन् एक ऐका. बाबा तुमच्या शब्दाबाहेर नाईत. तुमी म्हणान तं आत्ता लाइन कापून येतीन. तुमी म्हणान तं नाई कापनार. इथं दुसऱ्या कोणाचं चालत नाई. आमचं बी नाई, बाबाचं सोताचं बी नाई. तुमचंच चालते."

भूपेंद्रनं वर बघितलं. फोटो मिळाला तर कंपनीची एजन्सी त्याच्याकडे राहणार होती. तो मिळाला नाही तर बिल्ला जाणार, आणि टाइल्सच्या दुकानात त्याच्या जागी दुसरा पोरगा केव्हाच लागला होता. रिताला हे त्याच्या चेहऱ्यावरून वाचता येत होतं. मामा टोपी घालून उभे होते, नेलं तिकडे जायला तयार. एवढं आज्ञाधारक गिऱ्हाईक त्याला पुन्हा भेटणार नव्हतं.

"मामाजी," तो म्हणाला. "लाइन राहू द्या."

"हं?"

"लाइन कापू नोका. मी सांगून राहिलो."

गोपीचंद मटकन खाटेवर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली, तोंडावरून हात फिरवला, आणि दुसऱ्याच क्षणी त्यांचा आवाज पहिल्यासारखा झाला.

"ऐकलं का सगळ्यायनं? भाचा म्हणते राहू द्या! आता भाच्याच्या शब्दाबाहेर जाता येते काय मले?"

"कसं जाईन?" तेजराम म्हणाला, आणि आपला फोन काढून घेतला. अर्धा चार्ज झाला होता.

दुपारपर्यंत गावात गोष्ट तयार झाली. ती गोपीचंदांनीच सांगितली, कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर बसून : नागपूरची कंपनी गावाला फसवायला निघाली होती, पण आमचा भाचा हुशार. बरोबर पेचकस मागितला, भर लोकात डबा खोलला आणि चोरी पकडली. एसीत बसून ट्रेनिंग घेतलेला माणूस आहे शेवटी. रिताला ही गोष्ट गुड्डीला झोपवताना शेजारणीकडून ऐकायला मिळाली, आणि शेजारीण वर म्हणाली, "तुमच्याकडं कोणाच्या ध्यानात कसं नाई आलं वो, रिता? घरातच होती नं मशीन?"

"आमाले काय समजते," रिता म्हणाली.

मशीन पुन्हा पिकअपमध्ये चढली. भूपेंद्र निघताना पाणी मागायच्या निमित्तानं रांधणीच्या दाराशी आला.

"वहिनी, तुमाले मालूम होतं नं?"

"मले काय मालूम, भाऊजी. मी तं वडे करून राहिली होती."

तो जरासा हसला, मग त्याचं हसू विझलं. "लाखनीच्या धाकल्या मामाकडं आज संध्याकाळी दाखवाची हाय. कंपनीचा सायेब सोता येऊन राहिला, दुसरी मशीन घेऊन. मामा बी अर्ज लिहून बसले हायेत. मी काय सांगू त्यायले? सायबासमोर माहं कोण ऐकते? तो तं इंग्रजीत बोलते."

रितानं पेल्यात पाणी ओतलं. मग फळीवरचा स्टीलचा डबा काढून त्यात उरलेले वडे भरू लागली, एकावर एक, झाकण बसेल इतके.

"काई सांगू नोका," ती म्हणाली. "धाकल्या मामीले म्हणा, सायेब पाहुणा हाय, त्याले जेवल्याबिगर जाऊ देऊ नोका. आन् मिक्सर आहे का त्यायच्याकडं?"

"हाय."

"मंग झालं."

बाहेर लाइन आली. घरातला पंखा फिरला, आणि दूर बांध्यांकडून मोटरचा आवाज सुरू झाला. गोपीचंद दुपट्टा खांद्यावर टाकून पाणी वळवायला निघालेच होते. आतल्या पाळण्यात गुड्डी जागी झाली आणि भुकेनं ओरडू लागली.